अदृश्याला रूप देणारा संशोधक : अर्न्स्ट रुस्का

अर्न्स्ट रुस्का यांचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात मॅक्स नोल यांच्यासह त्यांनी १९३१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना उभारला. त्यात काचेऐवजी चुंबकीय भिंगे होती. १९३३ मध्ये त्यांच्या नव्या यंत्राने प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले. तथापि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने जैविक नमुने जळून जातील, ही शंका प्रबळ होती, अर्थसाहाय्य मिळेना. वैद्यकाचे अभ्यासक असलेले धाकटे बंधू हेल्मुट मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले. १९३९ साली सीमेन्स कंपनीने हे यंत्र विक्रीस आणले. जीवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंची चित्रे हेल्मुट यांनीच मिळवली.

पुढे १९६० च्या दशकात ई. कोलाय जीवाणूतील पायरुवेट डीहायड्रोजनेज हे विकरसंकुल अशाच सूक्ष्मदर्शकातून पाहण्यात आले. चोवीस उपएककांचा घनाकृती गाभा आणि त्याभोवती रचलेली अन्य दोन विकरे, अशी ती रचना होती. रसायनशास्त्राने बांधलेल्या अनुमानाला अशा रीतीने दृश्य आधार लाभला.

रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, पहिल्या नमुन्यानंतर पंचावन्न वर्षांनी. तो गौरव पाहण्यास हेल्मुट हयात नव्हते. २७ मे १९८८ रोजी रुस्का निवर्तले. जीवसृष्टीला निरुपयोगी ठरवले गेलेले त्यांचे यंत्र आज जीवशास्त्राचा डोळा झाले आहे.