सुतारपुत्र लुई फाव्र

खंडाळ्याच्या घाटातून आगगाडीने जाताना आमच्या वाचकांनी बोगद्यांतील अंधार अनेकवार अनुभवला असेल. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या मार्गासाठी सह्याद्रीत पंचवीस बोगदे खोदावे लागले. त्यानंतर नऊच वर्षांनी, आल्प्स पर्वतातून सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा एकच बोगदा खोदण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्या लुई फाव्र यांचे चरित्र यंदा आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

फाव्र यांचा जन्म १८२६ साली स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाजवळ एका सुताराच्या घरी झाला. करवत आणि रंधा हेच त्यांचे पहिले गुरू. विद्यापीठाची पदवी त्यांस लाभली नाही. तरुणपणी ते फ्रान्समध्ये गेले, बांधकामांवर राबता राबता ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि पुढे ते रेल्वेच्या कामांचे नामांकित मक्तेदार झाले.

७ ऑगस्ट १८७२ रोजी त्यांनी सेंट गॉटहार्ड बोगद्याच्या करारावर सही केली. मुदत आठ वर्षांची, अनामत ऐंशी लाख फ्रँकची, आणि विलंब झाल्यास जबर दंड! परंतु डोंगराच्या पोटात कोणता दगड आहे, हे त्या दिवशी कोणासच निश्चित ठाऊक नव्हते. माथ्यावर दिसणाऱ्या खडकांवरून तज्ज्ञांनी केवळ अनुमान बांधले होते. वर हजार मीटरहून अधिक जाडीचा डोंगर असल्याने मध्ये विहीर खणून पाहणेही शक्य नव्हते.

म्हणून खोदकाम चालू असतानाच खडकाची पाहणी करण्याचे काम श्टाप्फ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाकडे देण्यात आले. खोदाई पुढे सरकेल तसतसे ते खडकाचे नमुने घेत आणि थरांचा कल, भेगा, झिरपणारे पाणी व उष्णता यांची नोंद करीत. उत्तरेकडे गोशेनेन येथे कठीण ग्रॅनाइट लागला. तो फोडावयास चिवट, पण एकदा फोडला की आपल्या बळावर उभा राहणारा. दक्षिणेकडे आयरोलो येथे भेगांतून पाण्याचे लोटच्या लोट आत आले. उत्तर मुखापासून सुमारे २,८०० मीटरवर तर खडक कुजून चिकणमातीसारखा झालेला आढळला. तो चहूबाजूंनी दाबू लागला, टेकू मोडले, बांधलेल्या कमानी चिरडल्या गेल्या आणि तेच काम पुनःपुन्हा करावे लागले. कागदावरील मुदत मात्र डोंगरासाठी थांबणारी नव्हती.

या घाईची किंमत मजुरांनी मोजली, हेही सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बहुतेक मजूर इटालियन होते. तीस अंशांहून अधिक उष्णता, सुरुंगांचा धूर आणि पोटातील कृमींमुळे जडणारा पांडुरोग यांनी ते खंगले. १८७५ साली त्यांनी गोशेनेन येथे संप केला, तेव्हा गोळीबारात चौघे प्राणास मुकले. बोगद्याच्या कामी एकंदर सुमारे दोनशे माणसे मृत्यू पावली.

फाव्र स्वतःही सुटले नाहीत. १९ जुलै १८७९ रोजी बोगद्यात पाहणी करीत असतानाच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. २८ फेब्रुवारी १८८० रोजी मधली भिंत फुटली. दोन्ही बाजूंच्या आखणीत आडवा फरक अवघा ३३ सेंटिमीटर निघाला! त्या छिद्रातून सर्वांत प्रथम पलीकडे गेली ती फाव्र यांची तसबीर. मार्ग १८८२ साली खुला झाला. करारातील मुदत टळली होती, आणि तिचा भार त्यांच्या वारसांवर पडला.

त्याच पर्वतातून पुढे ५७ किलोमीटरचा नवा बोगदा निघाला व २०१६ साली खुला झाला. त्या वेळी पिओरा येथील संशयास्पद खडकाची परीक्षा खोदाई तेथे पोहोचण्यापूर्वीच लांब भोके पाडून करण्यात आली. फाव्र यांच्या पिढीने जे प्राण देऊन जाणले, ते पुढच्या पिढीने आधी तपासून घेतले.

आमच्या तरुणांनी या सुतारपुत्राचे धाडस अवश्य घ्यावे. मात्र वचन देण्यापूर्वी पायाखालचा दगड पारखावा, आणि आपल्या वचनाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडणार आहे, याचाही विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.