कात्री, खळ आणि हाना

रद्दीवाला दारात येण्याआधी आपण घाईघाईने गठ्ठा चाळतो. एखादी पाककृती, रांगोळीचा नमुना, मुलांच्या प्रोजेक्टसाठी चित्रं, एवढं कापून घेतो आणि बाकीचं तराजूत जातं. याच कागदांतून एका बाईने आपल्या काळाचं अख्खं चित्र उभं केलं, आणि ते आज बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, असं सांगितलं तर? मैत्रिणींनो, ही गोष्ट आहे जर्मनीतल्या हाना होखची.

हानाचा जन्म १ नोव्हेंबर १८८९ चा, गोथा नावाच्या गावातला. वडील विमा कंपनीत नोकरीला, आई हौसेने चित्रं काढणारी. पाच भावंडांत हाना थोरली. आता थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको! पंधराव्या वर्षी तिची शाळा सुटली, कारण धाकट्या बहिणीला सांभाळायचं होतं. चित्रकला शिकायची इच्छा मनातच राहिली. बाविसाव्या वर्षी, १९१२ साली, ती बर्लिनच्या कलाशाळेत पोचली आणि काचेवरचं डिझाइन शिकू लागली. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं, शाळा बंद पडली. ती गावी परतली, रेडक्रॉसचं काम केलं. पण १९१५ मध्ये पुन्हा बर्लिन गाठलंच.

१९१६ साली तिला उलस्टाइन या मोठ्या प्रकाशनगृहात नोकरी लागली. काम कोणतं? तर बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम, विणकाम, क्रोशा आणि लेसचे नमुने तयार करायचे. दहा वर्षं तिने हे काम केलं. कलाकार मंडळींच्या लेखी असलं काम म्हणजे बायकी उद्योग. हानाला मात्र तसं कधी वाटलं नाही. भरतकाम हीसुद्धा कला आहे, तेव्हा भरतकाम करणाऱ्या बायकांनी जुनेच नमुने गिरवत न बसता आपल्या काळाचं काहीतरी कापडावर आणावं, असा लेखच तिने १९१८ मध्ये लिहिला.

त्याच वर्षी ती समुद्रकाठच्या एका गावी सुट्टीला गेली होती. तिथल्या घरांमध्ये सैनिकांची छापील चित्रं लावलेली असत. गणवेश, झेंडे सगळं छापलेलं, आणि डोक्याच्या जागी घरच्या मुलाच्या फोटोतला चेहरा कापून चिकटवलेला. बरोबर होता तिचा चित्रकार मित्र राउल हाउसमान. ते साधं चिकटकाम पाहून दोघांनाही कल्पना सुचली, की फोटो कापून, जोडून नवंच चित्र करता येईल. या प्रकाराला फोटोमॉन्टाज म्हणतात. त्यासाठी लागणारी मासिकं तर तिच्या ऑफिसातच ढिगाने पडलेली होती!

युद्धाने चिडलेल्या कलाकारांचा ‘डाडा’ नावाचा गट तेव्हा बर्लिनमध्ये गाजत होता. जुनं सगळं मोडायला निघालेली ही मंडळी. पण बाईच्या बाबतीत मात्र जुनीच. १९२० साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा जॉर्ज ग्रोस आणि जॉन हार्टफील्ड या नावाजलेल्या कलाकारांनी हानाला घ्यायला विरोध केला. मग आपणही बाहेर पडतो, असं हाउसमानने धमकावलं तेव्हा कुठे तिचा समावेश झाला. पुढे या गटातल्या एकाने आठवणी लिहिल्या. त्यात हाना आठवते ती बैठकीत सगळ्यांना पाव आणि कॉफी देणारी मुलगी म्हणून.

प्रदर्शनात तिने लावलेल्या चित्राचं नाव भलतंच लांबलचक होतं, आणि त्यात चक्क स्वयंपाकघरातली सुरी होती. त्या सुरीने तिने बिअर पिऊन पोट सुटलेल्या जर्मन पुढारीपणाला आरपार छेद दिला होता. सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचा हा कागद. त्यावर राजा, सेनापती, नेते, यंत्रांची चाकं, गर्दी आणि नाचणाऱ्या बायका, सगळं वर्तमानपत्रं आणि मासिकांतून कापलेलं. उजव्या कोपऱ्यात खाली युरोपचा छोटा नकाशा, बायकांना मतदानाचा हक्क मिळालेले देश दाखवणारा. जर्मन बायकांनी १९१९ च्या जानेवारीतच पहिल्यांदा मत दिलं होतं. त्या नकाशाजवळ हानाने स्वतःचा छोटासा चेहरा चिकटवला. चित्रकाराने सही करावी तसा!

‘सुंदर मुलगी’ नावाच्या चित्रात तिने मोटारीचा टायर, गाडीच्या कंपनीचे बिल्ले आणि मुलीच्या डोक्याच्या जागी विजेचा दिवा लावला. जाहिराती बाईला कशा वस्तू करून टाकतात, हे शंभर वर्षांपूर्वी तिने कात्रीने दाखवून दिलं. आजची मासिकं उघडून बघा, फार काही बदललंय का?

घरातही तिचं सरळ नव्हतं. हाउसमान विवाहित. स्त्रीस्वातंत्र्यावर भरभरून बोलायचा, पण बायकोला सोडलं नाही आणि हानालाही सुखाने राहू दिलं नाही. तिने यावर एक गमतीदार गोष्ट लिहिली. भांडी घासायला सांगितल्यामुळे आपली कलाच धोक्यात आली असं वाटणाऱ्या चित्रकाराची! १९२२ मध्ये ती त्याच्यापासून वेगळी झाली. पुढे १९२६ पासून नऊ वर्षं ती टिल ब्रुगमन या डच लेखिकेची जोडीदार म्हणून राहिली, आधी हॉलंडमध्ये, मग बर्लिनला. तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९२९ मध्ये द हेग शहरात झालं, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती.

मग हिटलरचा काळ आला. नव्या पद्धतीची कला विकृत ठरली. अनेक मित्र देश सोडून गेले. हाना गेली नाही. १९३९ मध्ये तिने बर्लिनच्या टोकाला हायलिगेनझे इथे एक छोटं घर घेतलं. तिला कुणी ओळखत नव्हतं तिथे. बागेत भाजी पिकवायची, कमी बोलायचं. पण त्या घरात तिने स्वतःच्या आणि डाडाच्या मित्रांच्या कितीतरी कलाकृती, पत्रं, कागद लपवून ठेवले. सापडले असते तर जिवावर बेतलं असतं. ज्यांच्या गटात तिला जागा मिळता मिळत नव्हती, त्यांचा इतिहास तिच्यामुळे वाचला. तिचा हा सगळा संग्रह आज बर्लिनच्या एका संग्रहालयात जपलेला आहे.

युद्ध संपल्यावरही कात्री थांबली नाही. १९७२-७३ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तिने स्वतःच्या आयुष्याचं भलंमोठं कोलाज केलं. त्यात लहानपण, मित्र, बाग, जुनी चित्रं सगळं आलं. १९७६ मध्ये पॅरिस आणि बर्लिनला तिची मोठी प्रदर्शनं भरली, आणि ३१ मे १९७८ रोजी ती गेली.

आपल्यातल्या कितीतरी जणी हातातल्या कामाला ‘वेळ जावा म्हणून करते गं’ म्हणतात. हानाने विणकामाच्या नमुन्यांच्या टेबलावर बसूनच आपल्या काळाला जाब विचारला. तेव्हा या महिन्याची रद्दी तराजूत जाण्याआधी एकदा कात्री घेऊन बसा. पाककृती तर कापाच. पण जी जाहिरात, जी बातमी पाहून मनात काहीतरी खुपलं असेल, तीही कापा, दुसरीशेजारी चिकटवा आणि बघा काय दिसतं. खळ घरात असतेच.