सुकाणू कोणाच्या हाती?

आम्ही डॉक्टर रुग्णाला एक साधी कृती करायला सांगतो. आधी माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात एरवी स्थिर असतो. पण बोट नाकाजवळ येऊ लागले की थरथर वाढते. नेम चुकतो, तो सुधारायला हात वळतो आणि दुसऱ्याच बाजूला निसटतो. हे लक्षण ज्यांना यंत्राच्या अभ्यासातून भेटले आणि ज्यांनी पुढे यंत्राच्या नीतीचा प्रश्न जगासमोर मांडला, ते गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर.

वीनर यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. वडील लिओ हे हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला घरीच कडक शिस्तीत शिकवले. नॉर्बर्ट चौदाव्या वर्षी पदवीधर झाले, अठराव्या वर्षी त्यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. १९१९ पासून ते एमआयटीत शिकवू लागले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे विमानविरोधी तोफांच्या नेमाचे काम आले. विमान पुढच्या क्षणी कुठे असेल, हे आधीच ताडायचे होते. अभियंता ज्युलियन बिगेलो यांच्यासह काम करताना त्यांना ‘फीडबॅक’चे महत्त्व पटले. झालेली चूक मोजायची आणि त्यानुसार पुढची हालचाल सुधारायची, हे त्याचे सूत्र. पण ही दुरुस्ती प्रमाणाबाहेर गेली तर यंत्र हेलकावे खाऊ लागते. माणसात असा विकार असतो का, असे त्यांनी मेक्सिकोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांना विचारले. असतो, आणि तो लहान मेंदूच्या इजेत दिसतो, असे उत्तर मिळाले. यातून १९४३ मध्ये तिघांचा निबंध आणि १९४८ मध्ये वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. हे नाव त्यांनी सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून घेतले.

मात्र हिरोशिमानंतर, आपल्या ज्ञानाचे सुकाणू कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न त्यांना छळू लागला. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका संशोधकाने त्यांचा युद्धकाळातील अहवाल मागितला, तेव्हा त्यांनी नकार दिला. नकाराचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापून आले. १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून स्वयंचलित कारखान्यांमुळे येऊ घातलेल्या बेकारीचा इशारा दिला. यंत्रमानव अजून कथांमध्येच वावरत होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्यांची मोठी भीती यंत्र बंड करील ही नव्हती. ते सांगितलेले तंतोतंत करील, ही होती. यासाठी ते माकडाच्या जादूच्या पंजाची इंग्रजी कथा सांगत. एक जोडपे त्या पंजाकडे २०० पौंड मागते. पैसे मिळतात, पण कारखान्यात मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. यंत्र माणसापेक्षा वेगाने चालते. त्यामुळे चूक कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असू शकते. म्हणून उद्दिष्ट ठरवतानाच विचार करा, असे त्यांनी १९६० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात बजावले.

जानेवारी १९६४ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. मार्चमध्ये स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. यंत्र आणि नीती यांवरील त्यांचे शेवटचे पुस्तक त्यानंतर आले.

आज एक्स-रे वाचणारी, रुग्णांचा प्राधान्यक्रम लावणारी संगणक प्रणाली रुग्णालयाच्या दारात आहे. तिला ‘खाटा लवकर रिकाम्या करा’ एवढेच सांगितले, तर ती तेच करील. घरी गेलेला रुग्ण बरा होता का, हे ती विचारणार नाही. तो प्रश्न तिच्या उद्दिष्टात आपणच घालायचा आहे आणि उत्तर चुकले तर तिला थांबवण्याचा अधिकार खाटेजवळच्या माणसाकडे ठेवायचा आहे. थरथरणाऱ्या हाताला निदान नाक कुठे आहे हे ठाऊक असते. यंत्राला ते आपणच दाखवावे लागते.