चष्मेवाले राष्ट्राध्यक्ष

टेडी बेअर हे कापडी अस्वल तुम्ही सर्वांनी जत्रेत पाहिले असेलच. त्याला ज्यांच्यावरून नाव पडले ते थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांची गोष्ट मला आमच्या बाईंनी सांगितली. का सांगितली, ते पुढे येईलच.

रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. घर श्रीमंत होते, पण लहानपणी त्यांना दम्याचा फार त्रास. पुस्तके खूप वाचायचे. पक्षी-प्राणी यांचे तर त्यांना वेडच होते. पण खेळताना धडपडायचे, वेंधळे वाटायचे.

ते तेरा वर्षांचे झाले तेव्हा वडिलांनी त्यांना बंदूक दिली. मित्रांबरोबर शिकारीला गेले, तर मित्रांना जे दिसे ते यांना दिसतच नसे. एकदा मित्रांनी लांबच्या जाहिरातीच्या पाटीवरची मोठमोठी अक्षरे वाचली. रूझवेल्टना तिथे अक्षरे आहेत हेसुद्धा दिसले नाही! त्यांनी वडिलांना सांगितले आणि लवकरच चष्मा आला. इतकी वर्षे कोणाला कळलेच नव्हते. पुस्तक जवळ धरले की नीट दिसते, मग शंका कोण घेणार? आणि ज्याला लांबचे पहिल्यापासून धूसर दिसते, त्याला वाटते सगळ्यांना असेच दिसते.

माझेही तसेच झाले. फळ्यावरचे मी मैत्रिणीच्या वहीत बघून लिहायची. मग शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले. सहा मीटरवर तक्ता लावला आणि एकेक डोळा हाताने झाकायला सांगितला. मला वरच्या दोनच ओळी दिसल्या. चिठ्ठी घरी नेली तर आजी म्हणाली, पोरीच्या जातीला चष्मा कशाला. चिठ्ठी दोन महिने दप्तरातच राहिली. शेवटी बाई घरी आल्या, तेव्हा बाबांनी चष्मा आणला. मग वर्गात काहीजण मला ढापणी म्हणू लागले. (ते आत्ता हे वाचत असतील.) मी रडले, तेव्हा बाईंनी ही गोष्ट सांगितली.

रूझवेल्टनाही एका दारुड्याने चार डोळ्यांचा म्हणून चिडवले होते. त्याच्या हातात पिस्तुले होती, तरी रूझवेल्टनी त्याला ठोसे मारून खाली पाडले. मी मात्र कोणाला मारले नाही.

१९०१ ते १९०९ ते राष्ट्राध्यक्ष होते. रशिया आणि जपान यांची लढाई मिटवली म्हणून १९०६ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण मला सगळ्यात आवडते ती १९१२ सालची गोष्ट. मिलवॉकी गावी एकाने त्यांच्या छातीवर गोळी झाडली. खिशात भाषणाचे पन्नास कागद घडी करून ठेवले होते आणि चष्म्याची लोखंडी डबी होती. त्यातून जाताना गोळीचा जोर कमी झाला. ते वाचले, आणि गोळी छातीत असतानाच दीड तास बोलले! ६ जानेवारी १९१९ रोजी ते वारले.

आजीला वाचता येत नाही. पूर्वी एस.टी. आली की ती मला पाटी विचारायची आणि मी अंदाजाने सांगायची. एकदा आम्ही चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी गेलो. आता गाडी वळणावर असतानाच मी पाटी वाचते. बाजाराला निघताना आजीच म्हणते, चष्मा घेतलास का गं?