विश्लेषण : आपल्या समाजाबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले कसे वाचावे? बाबासाहेबांनी कसे वाचले?

कोपरखैरणे : जुन्या गावठाणातले आगरी-कोळी, घाटावरून आलेली माथाडी कुटुंबे, नोकरीसाठी परराज्यांतून येऊन स्थायिक झालेले लोक. कोपरखैरण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जावे लागत नाही. अडचण पुढे येते. त्या समाजाबद्दल जे छापील मिळते, ते बहुतेक वेळा बाहेरच्या माणसाने लिहिलेले असते. त्यावर किती विश्वास ठेवायचा? हाच प्रश्न १९१६ मध्ये न्यूयॉर्कला शिकणाऱ्या २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकर यांच्यापुढे होता. त्यांनी तो ग्रंथालयात बसून सोडवला.

वाचनाची गोडी कशी लागली?

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घरात शिक्षणाला मान होता. शाळेत मात्र वेगळे बसावे लागे. संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांची नजर त्यांच्यावर पडली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

१९१६ च्या निबंधात काय होते?

अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी भीमराव मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रालाही बसत. प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि रचना यावर निबंध वाचला. आजच्या भाषेत सांगायचे तर हे कॉलेजचे प्रेझेंटेशनच होते. पुढच्याच वर्षी ते ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आले.

या निबंधात त्यांनी आधी चार अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवल्या : फ्रेंच अभ्यासक सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफिल्ड, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले आणि अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, तेच हे केतकर. जातिव्यवस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये आले होते.

मग त्यांनी प्रत्येक व्याख्या तपासली. सेनार विटाळावर भर देतात, पण विटाळ हे जातीचे मूळ आहे का? नेसफिल्ड परजातीत न जेवण्यावर बोट ठेवतात, पण तो जातीचा परिणाम आहे की कारण? रिस्ले यांच्याकडे त्यांना नवे काही सापडले नाही. केतकरांची व्याख्या त्यांना सर्वांत जवळची वाटली, कारण केतकर एकटी जात न पाहता तिला व्यवस्थेचा भाग म्हणून पाहत होते. तरी तीही त्यांनी जशीच्या तशी घेतली नाही. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी ही केतकरांची दोन लक्षणे म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवले. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म, हा त्यांचा निष्कर्ष तिथून आला. शेवटी, आपले म्हणणे कोणी तर्काने खोडून काढले तरी आनंदच होईल, असेही त्यांनी नमूद केले.

पुस्तके बुडाली तेव्हा?

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जुन्या पुस्तकांचा मोठा संग्रह केला होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती आणि ते जहाज बुडवले गेले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले.

तरी संशोधन थांबले नाही. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी पैसे जमवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय आणि इंडिया ऑफिसचे ग्रंथालय ही त्यांची रोजची ठिकाणे झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारचेच अहवाल आणि आकडे वापरून सरकारी धोरण तपासता येते, हे त्यातून दिसले.

संस्कृत नाकारले, मग जुने ग्रंथ कसे वाचले?

शूद्र कोण होते या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये आले. संस्कृत न येणाऱ्याने या विषयात पडावे का, असा आक्षेप येणार हे त्यांना माहीत होते. प्रस्तावनेत त्यांनी ही उणीव लपवली नाही. संबंधित साहित्य इंग्रजी अनुवादात उपलब्ध आहे आणि आपण १५ वर्षे त्याचा अभ्यास केला आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. भाषा येत नसेल तर अनुवाद वापरता येतो. पण आपण अनुवाद वाचला, हे वाचकाला सांगावे लागते.

आजच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे?

* एकाच पुस्तकावर थांबू नये. एकाच विषयावर तीन-चार जणांचे म्हणणे शेजारी ठेवून फरक टिपावा.
* लिहिणारा कोण, कधी आणि कोणासाठी लिहीत होता, हे आधी पाहावे. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर आगरी-कोळ्यांची माहिती देते. पण ते ब्रिटिश प्रशासनाच्या सोयीसाठी तयार झाले होते. त्यातली माहिती घ्यावी, शेरे तपासावेत.
* कारण आणि परिणाम यांची गल्लत होते का, ते पाहावे.
* मोबाइलवर फिरणारे वाक्य मूळ ग्रंथात सापडल्याशिवाय प्रकल्पात घेऊ नये. बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांनाही हाच नियम लावावा. राज्य सरकारने १९७९ पासून त्यांचे लेखन खंडरूपाने प्रकाशित केले असून १९१६ चा निबंध पहिल्याच खंडात आहे. हे खंड ऑनलाइनही वाचता येतात.
* पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पान क्रमांक वाचतानाच टिपून ठेवावा.

ग्रंथालयही दूर नाही. कोपरखैरण्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोली गाठली, की तिथल्या डॉ. आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे.

पुस्तकांसाठी बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करून इतरांसाठीही उच्च शिक्षणाचे दार उघडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीपर्यंत ते बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते. ज्या समाजाबद्दल इतरांनीच लिहावे असा शिरस्ता होता, त्यातल्या एका विद्यार्थ्याने इतरांची पुस्तके बाजूला सारली नाहीत. ती नीट वाचली आणि त्यांना उत्तर लिहिले.