आचऱ्याच्या मुलानं बांधली कानपूरची आयआयटी : वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांची कहाणी

लातूर/नांदेड : दहावीचा निकाल लागला की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यातून लेकरं गाद्या-पेट्या घेऊन लातूर-नांदेडच्या क्लासेसकडे निघतात. कुणाला डॉक्टर व्हायचं असतं, कुणाला आयआयटी गाठायची असते. यातलं एखादं लेकरू कानपूरच्या आयआयटीत पोहोचतं. ते ज्या वर्गांत बसतं, ज्या व्हरांड्यातून चालतं, त्यांचा नकाशा एका मराठी माणसानं काढलेला आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्यांचं नाव अच्युत पुरुषोत्तम कानविंदे.

कानविंदे यांचा जन्म 1916 साली कोकणातल्या आचरा गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. घरात माणसं भरपूर, पण अच्युत दोन वर्षांचे असतानाच आई गेली. वडील मुंबईत चित्रकला शिकवायचे, स्वतः माणसांची आणि निसर्गाची चित्रं काढायचे. त्यामुळे पेन्सिल आणि कागद घरातच होते. 1935 साली अच्युत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकायला दाखल झाले. तिथं क्लॉड बॅटली हे इंग्रज गुरुजी विभागप्रमुख होते.

पुढं सरकारनं हुशार तरुणांना शिकायला परदेशी पाठवलं, त्यात कानविंदे यांचा नंबर लागला. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात त्यांना वॉल्टर ग्रोपियस हे जर्मन गुरू भेटले. हिटलरच्या राजवटीत ग्रोपियस यांना देश सोडावा लागला होता. इमारतीवर उगीच नक्षी चढवायची नाही, जिचं जे काम आहे त्यावरून तिचा आकार ठरवायचा, आणि सिमेंट, लोखंड, काच ही नवी साधनं उघडपणे वापरायची, ही त्यांची शिकवण. यालाच पुढं आधुनिक वास्तुकला म्हटलं गेलं.

1947 साली देश स्वतंत्र झाला, त्याच सुमारास कानविंदे परतले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजे सीएसआयआर ही संस्था तेव्हा देशभर प्रयोगशाळा उभारत होती. तिच्या मुख्य वास्तुविशारदाची जबाबदारी त्यांच्यावर आली. अहमदाबादेत विक्रम साराभाई यांच्या पुढाकारानं कापड गिरण्यांसाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था निघाली होती. तिची इमारतही कानविंदे यांनीच उभी केली. साधी, सरळ रेषांची, बिननक्षीची.

त्या काळी मोठा वाद चालू होता. स्वतंत्र भारताच्या सरकारी इमारती कशा दिसाव्यात? घुमट, छत्र्या, कमानी लावल्या की इमारत भारतीय झाली, असं एका बाजूचं म्हणणं. कानविंदे दुसऱ्या बाजूला होते. जुन्या राजवाड्याची नक्कल करण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. देश गरीब आहे, पैसा जनतेचा आहे, तेव्हा तो वर्ग, प्रयोगशाळा आणि उजेड-वाऱ्यावर खर्च व्हावा, असा त्यांचा विचार होता.

1955 साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत 'कानविंदे अँड राय' हे स्वतःचं कार्यालय थाटलं. बांधलेला पगार सोडून असं पाऊल टाकणं तेव्हाही सोपं नव्हतं.

उन्हाशी गाठ

लवकरच सगळ्यात मोठं काम हाती आलं. 1959 साली कानपूरला आयआयटी सुरू झाली. पहिले संचालक डॉ. पी. के. केळकर, नकाशा कानविंदे यांचा. उत्तर प्रदेशचा उन्हाळा आपल्या मराठवाड्यासारखाच, वर लू वाऱ्याचा तडाखा. अमेरिकेतला काचेचा डबा इथं आणून ठेवला असता तर आतली माणसं भाजून निघाली असती.

कानविंदे यांनी सिमेंट काँक्रीटचा सांगाडा उभा केला आणि त्यात विटांच्या भिंती भरल्या. ना गिलावा, ना रंग. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय जवळजवळ ठेवून छत असलेल्या लांब व्हरांड्यांनी जोडले. पोरांनी सावलीतून पायी फिरावं आणि गाड्या बाहेरच राहाव्यात, अशी ती आखणी. मधल्या मोकळ्या जागेत झाडं आणि पाणी. परदेशात शिकलेलं ज्ञान आपल्या हवेला जुळवून घ्यायचं, हे त्यांच्या पुढच्या कामात वाढतच गेलं.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावं असं त्यांचं काम म्हणजे गुजरातेतल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती बांधून झाली. ही डेअरी सहकारी, म्हणजे गावोगावच्या दूध उत्पादकांची. दुधाचं काम म्हटलं की वाफ आणि उष्णता आली. ती बाहेर निघावी म्हणून त्यांनी काँक्रीटचे उंच धुराड्यासारखे मनोरे उभे केले. लांबून बघणाऱ्याला किल्ल्याचे बुरूज वाटावेत, पण त्यातला एकही शोभेसाठी नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा परिसर, पुण्यातली राष्ट्रीय विमा अकादमी आणि मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र ही कामंही त्यांचीच. शाळेच्या सहलीतून विज्ञान केंद्र पाहून आलेली माणसं आपल्याकडंही सापडतील.

सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. 1985 साली भारतीय वास्तुविशारद संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. गंमत अशी की आयुष्यभर नकली घुमटांना नाही म्हणणाऱ्या या माणसानं उतारवयात दिल्लीचं इस्कॉन मंदिर उभारलं. 1998 साली ते खुलं झालं. तिथं शिखरं आहेत, कारण देवळाला शिखर लागतं. डिसेंबर 2002 मध्ये कानविंदे यांचं निधन झालं.

आपल्याशी संबंध काय?

आपल्याकडं माळवदाची घरं होती. मातीचं जाड छत, भर उन्हातही आत गारवा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती आणि छतांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाची भीती बसली आणि स्लॅब, पत्रे वाढले. ते योग्यच होतं, जिवापेक्षा मोठं काही नाही. पण उन्हाचा प्रश्न तसाच राहिला. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात दुपारी बसलेल्या लेकरालाच तो विचारावा.

गावात शाळा, ग्रामपंचायत किंवा दवाखाना मंजूर झाला की बहुतेक वेळा चर्चा निधीची, ठेकेदाराची आणि उद्घाटनाची होते. खिडक्या कुठल्या दिशेला, व्हरांडा किती रुंद, गरम हवा कुठून निघणार, हे ग्रामसभेत क्वचितच कुणी विचारतं. कानविंदे यांच्या कामाची सुरुवात या प्रश्नांपासून व्हायची. व्हरांडा आणि समोरासमोर खिडक्या यांना काही फार मोठा खर्च लागत नाही, मात्र त्या नकाशातच असाव्या लागतात. स्लॅब पडल्यावर विचारून उपयोग नसतो.