फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दीप हाती घेतलेली सेविका



बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावांतून आज कितीतरी मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी घर सोडून शहरात जातात. आईवडील अभिमानाने त्यांना निरोप देतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका श्रीमंत घरातील मुलीने हीच इच्छा बोलून दाखविली, तेव्हा त्या घरात रडारड झाली होती. रुग्णालय म्हणजे घाण, आणि तेथे काम करणाऱ्या बायका म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्या, अशी त्या काळची समजूत होती; ती अगदीच खोटी होती असेही म्हणवत नाही. १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो तो त्याच मुलीच्या, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या, जन्मदिनी. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

त्यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि शहराचेच नाव त्यांना मिळाले. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, परमेश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली अशी त्यांची खात्री झाली. परंतु कोणती सेवा, हे उमगायला बरीच वर्षे जावी लागली. १८४७-४८ च्या हिवाळ्यात त्या रोमला होत्या. तेथील एका मठात सान्ता कोलोम्बा या धर्मभगिनीच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दहा दिवस आध्यात्मिक साधना केली. त्या जन्माने अँग्लिकन होत्या, पण १८५२ मध्ये त्यांनी पुढे कार्डिनल झालेल्या मॅनिंग यांच्याशी कॅथोलिक होण्याविषयी पत्रव्यवहार केला. ते घडले नाही. श्रद्धा-सिद्धान्त मनापासून पटल्यावाचून प्रवेश घेणे त्यांना प्रामाणिक वाटले नाही. आम्हा कॅथोलिकांना याची हळहळ वाटली तरी तो प्रामाणिकपणा मान्य करावाच लागतो. पॅरिसच्या सेवाभावी धर्मभगिनींकडे त्या रुग्णसेवा शिकायला गेल्या. तेथे गोवर निघाल्याने स्वतःच अंथरुणाला खिळल्या!

ऑक्टोबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी त्या ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीकडे निघाल्या. त्यांपैकी १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. बर्मंडसी येथील मठाच्या मदर क्लेअर मूर यांचा त्यांना सर्वांत मोठा आधार झाला. हे काम आपल्यापेक्षा मदर अधिक चांगले करू शकल्या असत्या, असे फ्लॉरेन्सबाई मोकळेपणाने मान्य करीत. मागाहून आलेल्या आयरिश भगिनींच्या मदर ब्रिजमन यांच्याशी मात्र त्यांचे मुळीच पटले नाही. अधिकार कोणाचा, हा वाद त्या दुःखाच्या ठिकाणीही मिटला नाही.

हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी बाई हे चित्र सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे दुःख कमी लोकांना ठाऊक असते. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीला दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये आरोग्य आयोगाने येऊन तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे २ वर आले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार यांच्यासह आकडेवारी तपासताना त्यांना कळून चुकले की जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक मेले, आणि त्यांचे स्वतःचे रुग्णालयही त्यास अपवाद नव्हते. ज्या कामासाठी साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याचाच हा हिशेब होता. तो त्यांनी दडविला नाही. आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवला.

लोकांनी जमविलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका शाळा सुरू झाली. त्यानंतर लवकरच किंग्ज कॉलेज रुग्णालयात खेड्यापाड्यांसाठी सुईणी शिकविण्याचा वर्ग निघाला. येथे पुन्हा तीच कसोटी आली. बाळंतज्वराने माता मरू लागल्या. १८६७ मध्ये तो प्रसूती विभाग बंद करण्यात आला. बाईंनी पुन्हा आकडे जमविले आणि १८७१ च्या पुस्तकात दाखवून दिले की रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा घरी बाळंत होणाऱ्या अधिक सुखरूप राहतात. शवविच्छेदनाची खोली जवळ असणे आणि तेथून विद्यार्थ्यांनी थेट बाळंतिणीकडे येणे, हे धोके त्यांनी नेमके हेरले. हे पुस्तक त्यांनी सॉक्रेटिसच्या आईच्या स्मृतीस अर्पण केले आहे. ती सुईण होती.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. १८५७ पासून आजाराने त्या बहुतेक काळ खोलीतच असत. तरी येथील फौजेच्या आरोग्याचा १८६३ चा प्रचंड अहवाल मुख्यतः त्यांच्या परिश्रमाने सिद्ध झाला. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रिअर त्यांचे स्नेही होते. १८७६-७८ च्या दुष्काळाने त्यांचे लक्ष सैनिकांवरून रयतेकडे वळले, आणि पाटबंधाऱ्यांसाठी त्या लिहू लागल्या. नीरेचा डावा कालवा आपल्या बारामतीच्या भागात आला तो त्याच काळात. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी गावोगावच्या स्वच्छतेविषयी पत्रव्यवहार केला. कायदा झाला तरी खेड्यात पैसा कोठून येणार, हा प्रश्न त्या सरकारला पुनःपुन्हा विचारीत राहिल्या.

त्यांची शाळा आता लंडनच्या किंग्ज कॉलेजचा भाग आहे आणि परिचर्या, प्रसूतिविद्या व मरणासन्नांची शुश्रूषा हे तिन्ही विषय तेथे एकत्र शिकविले जातात. तिसरा विषय आला तो सिसिली साँडर्स यांच्यामुळे. त्याही सेंट थॉमसमध्येच परिचारिका झाल्या होत्या. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी १९५८ पासून लंडनच्या सेंट जोसेफ आश्रमात, आयरिश धर्मभगिनींच्या सहवासात, मरणाऱ्यांच्या वेदना कशा शमवाव्यात याचा अभ्यास केला आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. आपल्या देशातील असे पहिले गृह, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले.

फ्लॉरेन्सबाई १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, झोपेतच देवाघरी गेल्या. वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये दफनाचा मान देऊ केला गेला, तो नाकारून घरच्यांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात पुरले. त्या थडग्यावर त्यांच्या नावाची केवळ दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.